त्याला वेगळं ठेवलंय

पोरगा आत गेला की आई आधी जामिनाचं विचारते. जामीन लांबला की दुसरी मागणी येते. "वकीलबाई, साहेबाईले सांगा न जी, त्याले तेवढं येगळं ठेवा म्हना." विधी सेवेच्या, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पॅनलवर काम करताना ही मागणी माझ्याकडे सगळीकडून येते. कोर्टाच्या जिन्यात, फोनवर, वहीच्या फाडलेल्या पानावर. मी अर्ज लिहून देते. लिहावाच लागतो, कारण भीती खरी असते. पण त्या अर्जातून पोराला नेमकं काय मिळणार आहे, हे त्या आईला ठाऊक नसतं. तिच्या डोळ्यांसमोर घर असतं. दार लावलेली खोली, आत पोरगा, बाहेर मारणारे. तुरुंगातली वेगळी खोली तशी नसते, हे समजावून सांगायला मला अर्ज लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह 1864 पासून वर्धा रोडवर उभं आहे. रहाटे कॉलनी चौकातून रोज हजारो लोक त्याच्याजवळून जातात, आता तर मेट्रोही तिथेच थांबते. शहराच्या गप्पांत हा तुरुंग येतो तो फाशी यार्डामुळे, कारण 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला 30 जुलै 2015 ला इथे फाशी दिली. नाहीतर अंडा सेलमुळे, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या अंडाकार कोठड्यांमुळे, किंवा त्याच वर्षी 31 मार्चला पाच जण पळाले त्या आठवणीमुळे. म्हणजे तुरुंगाचं नाव निघतं ते धोकादायक माणसांमुळे. धोक्यात असलेली माणसंही तिथेच असतात, ती मात्र आपल्या बोलण्यात येत नाहीत.

पहिल्यांदाच आत आलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. टोळीतल्या कुणाविरुद्ध जबाब दिलेला, पण स्वतःही दुसऱ्या गुन्ह्यात अडकलेला माणूस. तृतीयपंथी बंदी. कुबड्यांवर चालणारा. बौद्धिक अपंगत्व असलेला, ज्याला आपल्यावर कलम कोणतं लागलंय तेही सांगता येत नाही. एकेकाळी पोलिसात असलेला. आत उधारी करून बसलेला. लहान मुलीवरच्या अत्याचाराचा आरोप असलेला, ज्याचा गुन्हा बराकीत त्याच्या आधी पोचलेला असतो. ही सगळी माणसं एका यादीत घालताना माझाही हात थोडा अडखळतो, पण तुरुंगाच्या दृष्टीने त्यांची अडचण एकच आहे: बाकीच्यांबरोबर ठेवलं तर ती सुरक्षित राहतील याची खात्री नाही.

आणि बाकीचे किती? 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131.4 टक्के बंदी होते. त्यातले 75.8 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. संध्याकाळी गिनती होऊन बराकीला कुलूप लागलं की सकाळी उघडेपर्यंत आतलं जग आतल्यांचं असतं. पहारेकरी गजाबाहेर. कोण कुठे झोपणार, पंख्याखालची जागा कुणाची, संडासाजवळची कुणाची, हे आतच ठरतं. दुबळ्याचं काय होतं ते तिथे ठरतं. दिवसाही मोठा भरवसा नाही. जून 2024 मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका शिक्षा झालेल्या बंद्याला आंघोळीच्या जागी सहबंद्यांनी गटाराच्या लोखंडी झाकणाने मारून टाकलं. म्हणून आईची मागणी मी कधीच हसण्यावारी नेत नाही.

पण वेगळं ठेवायचं म्हणजे कुठे? आपल्या तुरुंगांच्या बांधकामात भित्र्या माणसासाठी वेगळी जागा फारशी नसतेच. कोठड्या असतात, त्या शिक्षेसाठी किंवा कडक बंदोबस्तासाठी बांधलेल्या. त्यामुळे ज्याची भीती वाटते तो आणि ज्याला भीती वाटते तो, दोघे एकाच रांगेतल्या कोठड्यांत येतात. तीच जाळी, तोच दिवा, कोठडीबाहेर पडायचा वेळ तितकाच तोकडा. फरक फक्त फाइलीतल्या कारणाचा. एकाच्या फाइलीत 'धोकादायक', दुसऱ्याच्या 'स्वतःच्या सुरक्षेसाठी'.

हा फरक कागदावरचाच राहतो असंही नाही. तो दिवसांच्या हिशेबात येतो, आणि तिथे उलटा पडतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

कोर्टाने शिक्षेचा भाग म्हणून एकांतवास दिला तर भारतीय न्याय संहितेची कलमं 11 आणि 12 त्याला बांध घालतात, आधी भारतीय दंड संहितेत 73 आणि 74 घालत होती. एकूण तीन महिन्यांच्या वर नाही. एका वेळी चौदा दिवसांच्या वर नाही, मध्ये तेवढीच विश्रांती. शिक्षा तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर एका महिन्यात सातच दिवस. ज्या 1894 च्या कायद्यावर आपले तुरुंग सव्वाशे वर्षं चालले, त्यातही तुरुंगाचे नियम मोडणाऱ्याला कोठडीत डांबायची मुदत चौदा दिवसांची. इंग्रजांनी केलेला कायदा, पण त्यांनाही इतकं कळत होतं की माणसाला माणसांपासून तोडायचं तर दिवस मोजून तोडावं. 17 डिसेंबर 2015 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंडेला नियम, म्हणजे बंद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम, मंजूर केले. त्यांत दिवसाचे बावीस तास किंवा जास्त वेळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग पंधरा दिवसांच्या पुढे गेला की तो प्रदीर्घ, म्हणजेच निषिद्ध.

आता संरक्षणासाठी वेगळं ठेवलेल्याचे दिवस बघा. त्याच 1894 च्या कायद्याचं कलम 28 शिक्षा झालेल्या बंद्याला इतरांबरोबर किंवा कोठडीत एकेकटं, कसंही ठेवायची मुभा देतं. किती दिवस, हे त्यात नाही. म्हणजे ज्याने आत कुणाचं डोकं फोडलं त्याची कोठडी चौदाव्या दिवशी संपते, आणि ज्याचं डोकं फुटलं, आणि ज्याने मला वाचवा म्हणून अर्ज केला, त्याची संपायची तारीख कुठेच लिहिलेली नसते. धोका संपेपर्यंत, एवढंच. तुरुंगातला धोका कधी संपतो हे कोण ठरवणार?

विदर्भातल्याच एका तुरुंगातल्या मुलाबद्दल सांगते. कुठला तुरुंग ते सांगत नाही, आणि त्याच्याबद्दल ओळख पटेल असंही काही सांगत नाही. दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात आत होता, सोबतचे आरोपी त्याच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. याने पोलिसांना काहीतरी सांगितलं असा त्यांचा समज. आल्याआल्या मार खाल्ला. वरच्या ओठाला टाके होते, ते सुटेपर्यंत त्याला पेज प्यावी लागली. आईने मागितलं, मी अर्ज केला, त्याला वेगळं ठेवलं. मार थांबला. पहिल्या मुलाकातीला आई खुशीत होती.

पुढच्या भेटींत मुलगा बदलत गेला. बराकीतले सगळे बंद झाले की याला बाहेर काढायचे, म्हणजे अंगणात येऊन दुसऱ्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. आत साक्षरतेचा वर्ग भरायचा, तो सुटला. कॅरम सुटला. कँटीनचं सामान दुसऱ्याच्या हाती यायचं, त्यात रोज काहीतरी कमी. जेवण आणून देणारा बंदी दारात भांडं सरकवून जायचा. घड्याळ नव्हतं, तर जवळच्या डेपोतून पहाटेची पहिली एसटी सुटली की दिवस सुरू झाला असं तो धरायचा. नंतर त्याला दिवसही लक्षात राहीनात. मुलाकात खोलीत तो माझ्याशी बोलताना वाक्य अर्धवट सोडायचा, आणि सोडलंय हे त्याला कळायचं नाही. आधी तो तोंडाळ पोरगा होता, एकाच दमात पाच तक्रारी सांगणारा.

मग एकदा म्हणाला, "म्याडम, मले वापस बराकीत पाठवा. मारतीन त मारतीन. इथी मले कोनी नाव घेऊन हाक मारत नाही."

आई तिथेच होती. ती रडली नाही, त्याच्यावर चिडली. "तुले जिवाची पर्वा हाय का नाही बाप्पा?" दोघेही खरं बोलत होते. तुरुंगाच्या व्यवस्थेने त्याच्यापुढे दोनच दारं ठेवली होती, एकात मार आणि दुसऱ्यात हे असं एकटं पडणं. तिसरं दार आम्ही मागत राहिलो. त्याला हलवण्याऐवजी मारणाऱ्यांना हलवा, आणि याला म्हाताऱ्या बंद्यांच्या बराकीत ठेवा. खूप पत्रव्यवहार झाला. मारणाऱ्या तिघांपैकी एकाला तुरुंगाच्या दुसऱ्या सर्कलला, म्हणजे भागात, पाठवलं, दोघे तिथेच राहिले. याला म्हाताऱ्यांत जागा मिळाली. तिथे तो त्यांचे अर्ज लिहून द्यायला लागला, त्या बदल्यात त्याच्या शेजारी कुणी ना कुणी जागं असायचं. पुढे जामीन झाला. त्याची वाक्यं पूर्ववत व्हायला किती काळ गेला ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याचा हात पोचू नये म्हणून कुलूप लावतात. पण 2022 ची राष्ट्रीय आकडेवारी पाहिली की वेगळीच गोष्ट समोर येते. त्या वर्षी देशातल्या तुरुंगांत 1,995 बंदी मेले. त्यातले 159 मृत्यू अनैसर्गिक होते आणि त्या 159 पैकी 119 आत्महत्या होत्या. तुरुंगात अनैसर्गिक मरणाचं सगळ्यात मोठं कारण दुसरा बंदी हे नाही. घाबरलेल्या माणसाला एकटं ठेवताना आपण त्याला एका हातापासून वाचवतो आणि दुसऱ्या हाताशी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हाताशी, एकटं सोडतो. त्या जुन्या कायद्याच्या कलम 29 ला याची जाणीव होती. चोवीस तासांहून जास्त कोठडीत ठेवलेल्या प्रत्येकाला, मग ते शिक्षा म्हणून असो वा अन्य कारणाने, वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्याने रोज एकदा भेटलंच पाहिजे, आणि आतून अधिकाऱ्याला केव्हाही बोलावता येईल अशी सोय असल्याशिवाय अशी कोठडी वापरायचीच नाही. 'अन्य कारणाने' हे शब्द मी अर्जात नेहमी ठळक करते. संरक्षण त्यात बसतं.

बरं, कोठडीत जीव तरी सुरक्षित राहतो म्हणावं, तर तेही नाही. 8 जून 2012 ला पुण्याच्या येरवडा कारागृहात कतील सिद्दीकी या कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला, तो अंडा सेलच्या कडेकोट भागात. याहून जास्त बंदोबस्ताची जागा मिळणं कठीण. 2 मे 2023 ला दिल्लीच्या तिहारमध्ये टिल्लू ताजपुरिया या टोळीप्रमुखाला विरोधी टोळीतल्यांनी मारलं. तेही कडक सुरक्षेच्या वॉर्डात. मारेकरी वरच्या मजल्याचे गज कापून चादरीला धरून खाली उतरले, आणि नंतर बाहेर आलेल्या चित्रीकरणात तो पडलेला असताना पोलीस उभे असलेले आणि हल्लेखोर पुन्हा वार करताना सगळ्या देशाने पाहिले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात जॉन गेगन हा बालकांच्या लैंगिक शोषणाबद्दल शिक्षा भोगणारा माजी धर्मगुरू संरक्षित विभागात होता. 23 ऑगस्ट 2003 ला त्याच विभागातल्या दुसऱ्या बंद्याने त्याच्या कोठडीत शिरून दार आतून अडकवलं आणि त्याला मारलं. पहारेकऱ्यांना दार वेळेत उघडता आलं नाही. जे दार वाचवण्यासाठी होतं त्यानेच मदत बाहेर अडवली.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात 1 एप्रिल 1990 ला दंगल उसळली, ती पंचवीस दिवस चालली. दंगलखोरांनी सुरुवातीलाच गाठलं ते संरक्षणासाठी वेगळ्या ठेवलेल्या बंद्यांना. त्यांना शोधावं लागलं नाही. ते कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. वेगळं ठेवणं म्हणजे पाटी लावलेलं खुणेचं घर देणं, ही गोष्ट मी आपल्याकडेही पाहिली आहे. एकदा 'वेगळा' झालेला परत बराकीत आला की त्याची ओळख तीच राहते. का वेगळा ठेवला होता? खबऱ्या असेल. नाहीतर तसला गुन्हा असेल.

मग माणूस कशाने वाचतो? माझ्या अनुभवात, आणि कायद्याच्या इतिहासातही, तो बहुतेक वेळा पाहणाऱ्या डोळ्यांमुळे वाचतो. सुनील बत्रा हे नाव वकिलांना पाठ असतं. फाशीची शिक्षा झालेल्या या बंद्याला तिहारमध्ये एकटं ठेवलं होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुरुंग कायद्याचं कलम 30 कोणालाही एकांतवासात टाकण्याचा परवाना देत नाही. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. 1979 मध्ये याच बत्राने आतून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. दुसऱ्या एका बंद्याला वॉर्डरने केलेल्या छळाबद्दल होतं. त्या पत्रावरून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाल आला. स्वतः फाशीच्या छायेत असलेल्या माणसाला दुसऱ्या बंद्याचे हाल कळले म्हणून ते पत्र लिहिलं गेलं.

मुंबईच्या भायखळा कारागृहात जून 2017 मध्ये मंजुळा शेट्ये या बंदिवान बाईचा मृत्यू झाला. मारहाणीचा आरोप तुरुंगातल्या महिला कर्मचाऱ्यांवर होता, म्हणजे ज्यांच्याकडे संरक्षण मागायचं त्यांच्यावरच. ते प्रकरण उघड झालं ते सोबतच्या बंदिवान बायकांनी आवाज उठवला म्हणून. त्या गच्चीवर चढल्या, त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा दाखल झाला, तरी त्या बोलल्या. मंजुळा वेगळ्या कोठडीत असती तर साक्षीला कोण असतं? हा प्रश्न मी दर वेळी 'एकटं ठेवा' असा अर्ज लिहिताना स्वतःला विचारते. एकटं ठेवलेल्याचा साक्षीदार फक्त पहारेकरी असतो.

कॅमेरा हा साक्षीदार आहे, असं अधिकारी सांगतात. काही ठिकाणी आहेही. पण कॅमेरा कुणासाठी बघतो हेही बघावं लागतं. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या खटल्यात शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा नव्वद टक्के अपंग होते, व्हीलचेअरवर होते, आणि नागपूरच्या अंडा सेलमध्ये होते. मे 2022 मध्ये त्यांच्या कोठडीसमोर असा कॅमेरा बसवला की त्यात संडास आणि आंघोळीची जागाही यायची. त्याविरुद्ध त्यांना उपोषणाचा इशारा द्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 5 मार्च 2024 ला त्यांना निर्दोष सोडलं आणि 12 ऑक्टोबर 2024 ला ते गेले. त्यांच्या विचारांबद्दल तुमचं माझं काहीही मत असो. व्हीलचेअरवरच्या माणसाला अंडा सेल सुरक्षेसाठी लागते, हे मला कुठल्याही बाजूने पटवून घेता येत नाही. त्यांना लागत होती रुंद दारं, धरायला कठडा, आणि उचलून बसवणारा माणूस.

तृतीयपंथी बंद्यांबाबत मात्र कागदावर तरी आपल्याकडे समजूतदारपणा आला आहे. 10 जानेवारी 2022 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या सूचनेत वेगळे कक्ष ठेवायला सांगितलं, आणि लगेच बजावलं की त्यातून संपूर्ण एकटेपणा किंवा कलंक वाट्याला येता कामा नये. दोन्ही गोष्टी एकत्र म्हटल्या आहेत. हीच सूचना प्रत्येक घाबरलेल्या बंद्याला लागू केली असती, तर माझे निम्मे अर्ज वाचले असते.

नागपुरात हा विषय काढला की कुणीतरी 13 ऑगस्ट 2004 ची आठवण देतंच. वस्तीवर दहशत बसवणाऱ्या आणि बलात्काराचे आरोप असलेल्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी मारलं. लोक म्हणतात, अशांना कशाला संरक्षण? मी त्या बायकांच्या बाजूने विचार करते तेव्हा मला वेगळंच दिसतं. त्यांनी वर्षानुवर्षं संरक्षण मागितलं आणि त्यांना ते कुणी दिलं नाही. ज्या यंत्रणेला वस्तीतल्या बाईला वाचवता आलं नाही तिला ताब्यातल्या आरोपीलाही वाचवता आलं नाही. ही एकाच नाकर्तेपणाची दोन टोकं आहेत, आणि एकाबद्दल कळवळा असला की दुसऱ्याबद्दल नसावा असं मला वाटत नाही. बराकीत ज्याला 'धडा शिकवला' जातो, त्याच्या खटल्याचा निकालही त्यासोबत मरतो. पीडित मुलीला कोर्टाकडून जे उत्तर मिळायचं होतं ते कायमचं राहून जातं.

अधिकाऱ्यांशी बोलताना मी हे सगळं उगाळत नाही. बहुतेकांना कळतं. त्यांच्याकडे माणसं कमी, जागा कमी, आणि काही घडलं तर निलंबन त्यांचं. कोठडी हा त्यांच्या दृष्टीने सगळ्यात कमी जोखमीचा उपाय असतो. म्हणून मी अर्जाची भाषाच बदलली आहे. आधी मी लिहायचे, 'अर्जदाराला वेगळं ठेवावं.' आता लिहिते की अर्जदाराला धमकी देणाऱ्यांना त्याच्यापासून वेगळं करावं. ते जमेपर्यंत त्याला निवडक बंद्यांबरोबर, एकटं नव्हे, अशा जागी ठेवावं. वर्ग, काम, वाचनालय, फोन आणि मुलाकात यातलं काहीही कमी करू नये. डॉक्टरांनी रोज भेटावं. चौदाव्या दिवशी त्याला समोर बोलावून, त्याचं म्हणणं लेखी घेऊन फेरविचार करावा. चौदा हा आकडा मी शिक्षेच्या कलमातून उचलला आहे. काही नियम न मोडता नुसत्या घाबरलेल्याला नियम मोडणाऱ्याइतकी तरी मुदत मिळावी, यावर आजवर समोरच्या सरकारी वकिलांनीही फार वाद घातलेला नाही.

अभ्यागत मंडळाची, म्हणजे तुरुंगाची पाहणी करायला नेमलेल्या मंडळाची, तुरुंगभेट असते तेव्हा स्वयंपाकघर, दवाखाना, संडास सगळं दाखवतात. 'स्वतःच्या सुरक्षेसाठी' वेगळे ठेवलेले किती, हा प्रश्न आपण विचारल्याशिवाय निघत नाही. त्यासाठी वेगळी वही ठेवावी असा आग्रह आम्ही पॅनलवरच्या काही वकिलांनी धरायचं ठरवलं आहे. वहीचा नमुना मी तयार केला आहे. त्यात बंद्याचा क्रमांक, वेगळं ठेवल्याची तारीख, कुणी मागितलं, धमकी कुणाची आणि तिच्यावर काय कारवाई केली, रोज किती वेळ बाहेर आणि कुणाबरोबर, शेवटची वैद्यकीय भेट, आणि फेरविचाराची तारीख, एवढे रकाने आहेत. आपल्या जिल्ह्यात कुणाला वापरायचा असेल तर खुशाल वापरावा. धमकीवरच्या कारवाईचा रकाना मात्र गाळू नये.